आखाडातला रविवार

घणसोली गाव,
७ जुलै २०२५

सौ. रंजितावहिनीस,
सुचिताचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र बघून तू हसणार हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तू दिपेशदादाला म्हणाली होतीस की तुझी बहीण ऐरोलीच्या एसी ऑफिसात बसते आणि मनातलं सांगायला मात्र कागद शोधते. काय करू, शाळेत घालायच्या आधी नामाआजाने मला ओटीवर बसवून पत्रं लिहवूनच अक्षरं शिकवली. आत्याला दर महिन्याला पत्र जायचं, त्यात खाडाखोड चालायची नाही आणि खोटं तर मुळीच नाही. तीच सवय हाताला राहिली. शिवाय माझा फोन घरात सगळ्यांचाच आहे. आई त्यावर भजनं ऐकते आणि मेसेज आला की चष्मा लावून मोठ्याने वाचते. म्हणून हे पत्र तेजसकडे देते आहे. बाळाबाईकाकीचा मुलगा असला तरी तो पोटात ठेवणारा आहे, आणि जासईच्या कंटेनर यार्डात त्याला कामाला यायचंच असतं.

तू माहेरी गेल्यापासून आमच्याकडे जेवणं लवकर उरकतात. दादा ताटात बघून जेवतो. काल त्याने आईला विचारलं की श्रावण नक्की कधी लागतो. आईने कॅलेंडर त्याच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली की तुला वाचता येतं ना, मग बघ की.

नव्या सुनेने पहिला आखाड माहेरी काढायचा आणि श्रावण लागेपर्यंत नवरा-बायकोने भेटायचं नाही, ही आपली जुनी रीत मला पटते की नाही ते अजून माझं ठरत नाही. पण आईने तुम्हा दोघांकडून शब्द घेतला आणि तुम्ही तो दिलात, हे मी तिथेच बसून ऐकलं आहे. म्हणून पुढचं लिहिताना माझा हात जड झालाय.

दादाने येत्या रविवारची एक दिवसाची सहल बुक केली आहे, कर्जतच्या पुढचे धबधबे. आम्ही घणसोली नाक्यावर बसमध्ये चढणार, तू पनवेलला चढायचं. बरोबर गाइड असतो. नाश्ता त्यांचा, दुपारचा डबा आपला, संध्याकाळी परत. घरी सांगितलंय की आम्ही भाऊबहीण चाललोय, आणि ते खरं आहे, अर्धं. तू तुझ्या घरी सांग की नणंद घेऊन चालली आहे. तेही खरं, अर्धं. दोन अर्धी मिळून एक पूर्ण खरं होत नाही हे मला कळतं, तेव्हा त्यावरून चिडवू नकोस.

मी सहलवाल्यांना फोन करून वनखात्याची परवानगी आहे का, दोर कसला असतो, पाणी वाढलं तर काय करतात, सगळं विचारून घेतलं. गाइड क्षिप्रा नावाची मुलगी आहे. शेवटी तिनेच मला विचारलं की मॅडम, तुमचं यायचं नक्की आहे ना.

एक अट माझी. बसमध्ये तुम्ही दोघं अनोळखी. आपल्या गावातलं कोणी त्याच बसमध्ये निघालं तर मी कुठे तोंड लपवू?

उत्तर तेजसकडेच दे. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार. नणंद आहे हे विसरून माया ठेव.

तुझी,
सुचिता


जासई,
९ जुलै

प्रिय सुचिताताई,
जासईहून रंजिताचा नमस्कार, आणि ताटात बघून जेवणाऱ्या त्या माणसालाही एक, आईंना दिसणार नाही अशा बेताने.

तुझं पत्र तेजसभाऊजींनी इतकं गुपचूप माझ्या हातात दिलं की आमच्या आयेला वाटलं, यार्डाने आमच्या अंगणावर नोटीसच बजावली. नणंदेचं पत्र आहे म्हटल्यावर ती म्हणाली की बरी पोर हाय, आजच्या काळात कोन लिवतंय. तुझा भाव आमच्याकडे चांगलाच वधारलाय, जपून राहा.

माझे इथे लाड चाललेत. आये सकाळ-संध्याकाळ मासे खायला घालते. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन विचारतात की काय गो, करमतं का. करमतं म्हटलं तर त्यांची निराशा होते, नाही म्हटलं तर पदर तोंडाला लावून हसतात. मी सांगते की माझं वजन वाढतंय, एवढं खरं.

आता एक गोष्ट फक्त तुला लिहिते. लग्नाला दोन महिने झाले, पण तुझ्या दादाशी मी अजून नीट बोललेलीच नाही. घर लहान म्हणून तक्रार नाही, गावठाणात सगळ्यांची तशीच आहेत. पण पडद्यापलीकडे आई, माळ्यावर भाडेकरूंची पावलं, भिंतीपलीकडे काकी. आम्ही कुजबुजतो. आणि कुजबुजत माणूस फक्त कामाचं बोलतं, की पाणी भर, दिवा घालव, सकाळी डबा काय देऊ. तो मोठ्याने हसला तर आवाज कसा येतो हे मला माहीत नाही. म्हणून मला यायचं आहे. पाण्यात भिजायची हौस आमच्या दारातच भागते.

अनोळखी राहायची अट मंजूर. तसंही आम्ही फार ओळखीचे कुठे आहोत. तू मात्र बसमध्ये देवळात बसल्यासारखी बसू नकोस, लोकांना उगाच शंका येईल.

रविवारी भेटेपर्यंत काळजी थोडी कमी कर, बाकी काही मागणं नाही.

तुझीच,
रंजिता


घणसोली गाव,
१४ जुलै

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार. पाय दुखतायत, बाकी सर्व क्षेम.

काल तू पनवेलला उतरलीस आणि दादा आमच्या नाक्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिला. आज ऑफिसात माझं लक्ष नव्हतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले आहे.

क्षिप्राने बसमध्ये प्रत्येकाला उभं करून ओळख करून द्यायला लावली तेव्हा माझा जीव गोळा झाला होता. आणि दादाने काय करावं, तर सांगितलं की बायको माहेरी गेली आहे, घरी करमेना म्हणून आलो. पुढच्या सीटवर तुला ठसका लागला. मग तुझी पाळी आली तर तू म्हणालीस की नवऱ्याला वेळ नसतो म्हणून एकटीच निघाले. बस हळहळली. पुढे चहाला थांबलो तेव्हा क्षिप्राने तुला बाजूला घेऊन विचारलं की निळ्या जर्किनवाला माणूस सारखा बघतो आहे, त्रास देत असेल तर सांगा, मी त्याला मागे बसवते. तू तिला म्हणालीस की राहू दे, निरुपद्रवी वाटतो. हे मी दादाला परतीच्या वाटेवर सांगितलं तर तो किती वेळ हसत होता.

ओढा ओलांडताना तिने सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले. तुम्ही दोघं शेजारी कसे आलात ते मला दिसलं नाही, पण पलीकडे गेल्यावर बाकीच्यांनी हात सोडले आणि तुमचे तसेच राहिले, ते दिसलं. मी पिशव्या राखत दगडावर बसले. तू मला पाण्यात ये म्हणून हाका मारल्यास. मला यायचं होतं, वहिनी. पण कोणी ओळखीचं येतंय का म्हणून मी वाटेकडे बघत राहिले. तिथे ओळखीचं कोण येणार होतं?

पाण्याचा आवाज इतका होता की क्षिप्राची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. तुम्ही कड्याखाली समोरासमोर उभं राहून बोलत होतात. तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही नाही. दादा हात हलवून, मान मागे टाकून बोलत होता. आमच्या घरात तो असा बोलताना मी कधी पाहिला नाही. मला एकदम भरून आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. दोन्ही एकदम का वाटावं ते कळलं नाही.

डब्याचं तुला सांगायचं राहिलं. आईने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, त्याही इतक्या की पिशवी उचलेना, आणि वर कोलंबीचं लोणचं दिलं. कोलंबी खाल्ली की दादाच्या अंगावर गांधी उठतात आणि मला तिखट सोसत नाही, हे तिला माहीत आहे. घाईत विसरली असेल. तू सगळं संपवलंस म्हणून निभावलं, नाहीतर परत नेऊन काय सांगितलं असतं?

घरी आल्यावर आईने विचारलं की पाणी गार होतं का. मी हो म्हटलं. तिने मला अंघोळीला कढत पाणी काढून दिलं आणि दुसरं काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिचं ते न विचारणं मला फार बोचतंय. तिचा तुमच्या शब्दावर विश्वास आहे आणि मी तिच्यासमोर बसून जेवते आहे. मला सांगून टाकावंसं वाटतं. तुझं काय मत, ते कळव.

मनात आहेस, तशीच राहा.

तुझी,
सुचिता


जासई,
१६ जुलै

प्रिय सुचिताताई,
नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग दचकले, म्हणून लगेच लिहिते आहे.

आधी चांगलं. तुझा दादा मोठ्याने हसतो तेव्हा मध्येच त्याचा आवाज बारीक होतो, शाळेतल्या पोरासारखा. हे मला आता माहीत झालं. त्याने मला सांगितलं की बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटतं. मी त्याला सांगितलं की लग्नाआधी मला तो आवडला नव्हता, त्याच्या मिश्या आवडल्या नव्हत्या. सगळं ओरडून सांगावं लागत होतं. इतकं खासगी मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने बोलले नाही. लग्न मे महिन्यात झालं, पण झाल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं.

म्हणून एकच मागते. सांगू नकोस. श्रावण लागला की मी घरी येणारच आहे. आईंच्या शेजारी बसून, त्यांच्या हातातली भाजी आपल्याकडे ओढून, मी स्वतः त्यांना सांगेन. त्या रागावतील, मी ऐकून घेईन, त्यांचा तो हक्क आहे. पण तो दिवस माझा आहे. तो सांगायचा कसा आणि कोणासमोर, तेही मलाच ठरवू दे.

एवढे थोडे दिवस जीभ दाताखाली धर. तुला जड जाईल हे मला कळतं. माझ्यासाठी धर.

भरवशावर आहे,
रंजिता


घणसोली गाव,
२१ जुलै

सौ. वहिनीस,
नमस्कार लिहायलाही लाज वाटते.

तुमच्याकडे काल आईचा फोन आला, तो कशामुळे आला ते तुला दादाकडून कळलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहिते. मी सांगितलं.

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार म्हणून घरी मटण होतं. काकी वडे घेऊन आली, तिच्याबरोबर आळीतल्या दोघीजणी. आई चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती, मी कांदा चिरत होते. काकी तेजसच्या ठरलेल्या मुलीवर घसरली, की लग्नाला अजून वेल हाय नि पोरगी रोज व्हिडिओ कॉल करते, लाज म्हनून नाय. मग आईकडे बोट करून म्हणाली की सरस्वतीची सून बघा, जासईला गेली ती गेली, नवऱ्याचं नाव नाय काढलं, याला म्हनतात वलन. सगळ्याजणी माना डोलवायला लागल्या. आई भाकरी उलटत राहिली.

मला वाटलं, ही सगळ्यांसमोर फसवली जाते आहे, आणि फसवणारी मी शेजारी बसून कांदा चिरते आहे. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं, वहिनी. मी आपणहून म्हणाले की तसं नाही काकी, ते दोघं भेटले आहेत, गेल्या रविवारी, धबधब्यावर, मीच बरोबर होते.

आईने वर पाहिलं. ती नजर मी आधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, ती तुमच्यावर रागावली आहे. काकीने मग एकेक विचारायला सुरुवात केली, की कपडे कुठले होते, पान्यात दोघं एकत्र होती का, बाकीचे पुरुष कोन होते. मी उत्तरं देत गेले. खरं सांगायला एकदा लागले की मला थांबता येत नाही, हे तुला माहीत आहे. काकी म्हणाली की आता सरस्वती काय करते ते बघायचं, आणि पाय दुमडून नीट बसली.

मग आईने हात पुसले आणि तुझ्या आईला फोन लावला. तिकडे काय ऐकू गेलं ते तू ऐकलंसच. मी ते पुन्हा लिहिणार नाही.

दादा बर्फ आणायला गेला होता. तो आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

तू एकच गोष्ट मागितली होतीस. क्षमा कर असं लिहिते, पण ते लिहिणं मला शोभत नाही.

सुचिता


जासई,
२७ जुलै

सुचिता,
नमस्कार.

श्रावण लागून गेला आणि मी इथेच आहे, यावरून तुला समजलं असेल.

आमच्या आयेचा फोन जुना आहे, स्पीकर लावल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी माझे दोन्ही मामा जेवायला आले होते. तुझ्या आईचा शब्दन् शब्द सगळ्यांनी ऐकला, की तुमच्या पोरीला एक महिना धीर धरवला नाही, जंगलात चार पुरुषांसमोर भिजायला पाठवता, हेच शिकवलंत का. बाबा ताटावरून उठले. आयेला तर माहीतच नव्हतं की हे बरोबर होते. तिला दोन्हीकडून लागलं, तुमच्याकडून आणि माझ्याकडून. तिने दोन दिवस मासे आणले नाहीत.

तुझ्या आईंबद्दल माझ्या मनात फार काही नाही. सासवा बोलतात. चार बायका समोर बसलेल्या असताना त्यांनी काय करायचं होतं, हे मला समजू शकतं. तुझं मला समजत नाही. तू लिहितेस की तुझी आई फसवली जात होती. मला तुझ्या पत्रात असं दिसतं की तुला तुझं ओझं उतरवायचं होतं, आणि ते तू माझ्या अंगावर उतरवलंस.

तो एक दिवस होता. आता त्याचं प्रकरण झालं आहे. डोळे मिटले की मला पाण्याचा आवाज यायचा, आता तुझ्या आईंचा फोनवरचा आवाज येतो. तुझ्या दादाचं बोलणं मी आठवायला जाते आणि काकी पाय दुमडून बसलेली दिसते, जी मी पाहिलीसुद्धा नाही. ते तू लिहिलंस म्हणून दिसते.

हे उलव्याला भाड्याची जागा बघतायत. बाबांचं म्हणणं आहे की पोरगी नवऱ्याकडे जाईल, त्या छपराखाली नाही. मी त्यांना अडवलेलं नाही.

यापुढे तेजसभाऊजींना त्रास देऊ नये.

रंजिता


घणसोली गाव,
१० ऑगस्ट

सौ. वहिनीस,
नमस्कार. हे पोस्टाने पाठवते आहे. वाचलं नाहीस तरी चालेल.

आई परवा नारळी पौर्णिमेला तुमच्याकडे येऊन गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्यावर मात्र ती पायरीवर बसून राहिली, आणि मग तिने जे सांगितलं ते तुला कळायला हवं. तिची परवानगी विचारून लिहिते आहे.

तिला माहीत होतं. पहिल्यापासून. दादाने शनिवारी बूट धुतले तेव्हाच तिने ओळखलं, कारण रविवारी दहाशिवाय न उठणारा तो नुसत्या बहिणीसाठी पहाटे उठणार नाही. भाकऱ्या तिने तिघांच्या केल्या होत्या. कोलंबीचं लोणचं तिने विसरून दिलं नव्हतं. घरात ते एकटी तूच खातेस.

तिचा पहिला आखाड दिवाळे गावात तिच्या माहेरी गेला. बाबा सायकल मारत तिला भेटायला जायचे. आजीने त्यांना एकदाच विचारलं होतं की चाकांना एवढा चिखल कुठला लागला, आणि उत्तराची वाट न बघता पाय धुवायला कढत पाणी दिलं होतं. आई म्हणाली की रीत अशीच पाळतात. मोठ्यांनी सांगायचं, पोरांनी थोडं चुकवायचं, मोठ्यांनी बघितलं नाही असं करायचं. मीही तसंच केलं होतं, ती म्हणाली, पण तू बाळाबाईसमोर तोंड उघडलंस, मग मला न बघून कसं चाललं असतं? तिथे ती गप्प बसली असती तर काकीने ते आळीभर केलं असतं, की सासूच सामील होती. म्हणून ती बोलली, आणि काकीला पुरेल इतकं कडक बोलली. तुझी आई काय ऐकते आहे याचा त्या वेळी विचारच आला नाही, असं म्हणून ती रडली. आईला रडताना बघायची मला सवय नाही.

तिच्या त्या नजरेचा अर्थ मला आता कळला. ती रागावलेली नव्हती. ती मला गप्प राहा म्हणत होती. नामाआजाने मला खरं लिहायला शिकवलं, पण घरात एक न लिहिलेलंही असतं, आणि ते सगळ्यांना वाचता येतं, ते मला कोणी वेगळं शिकवलं नाही. बाकीच्यांना ते आपोआप आलं. तुलाही आलं, तू तर तीन महिन्यांपूर्वी आलीस.

गौरी येतायत. नव्या सुनेच्या हातून गौर घरात यावी अशी आईची फार इच्छा आहे. माझ्याकडे बघून नको, तिच्याकडे बघून ये. मी त्या दिवशी ऑफिसला जाईन हवं तर.

बोलायचा हक्क राहिलेला नाही, तरी तुझीच,
सुचिता


उलवे,
९ सप्टेंबर

सौ. नाही, श्रीमती नाही, काय लिहावं हे मला अजून कळत नाही, म्हणून नुसतं सुचिताताईस,
रंजिताचा नमस्कार.

गौरीला आले तेव्हा आईंनी उंबऱ्यावर माझ्या पायांवर पाणी घातलं आणि आम्ही दोघी आत जाऊन रडून घेतलं. आमचं मिटलं. आये आणि त्या फोनवर बोलतात आता, आयेने नवा फोन घेतला आहे. तू ऑफिसला गेली नाहीस, पण सबंध वेळ दारात उभी राहून येणाऱ्यांना हळदीकुंकू दिलंस आणि मी होते तोवर आत आली नाहीस. ते मी बघितलं.

घर चांगलं आहे, नववा मजला, खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो. पहिले काही दिवस आम्ही इथेसुद्धा कुजबुजत होतो. मग एकदा कुकरच्या शिट्टीला दोघंही दचकलो आणि हे हसले. आवाज तसाच, मध्येच बारीक होतो. मात्र त्या रविवारबद्दल आम्ही बोलत नाही. दोघांपैकी कोणी विषय काढला की दुसरा पाणी प्यायला उठतो.

तुझं पोस्टाने आलेलं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तुझ्यावर राग नाही. राग असता तर भांडून संपवला असता, मला भांडता येतं. वेगळंच झालं आहे. तुला काही सांगावंसं वाटलं की मी ते वाक्य आधी काकीच्या तोंडात घालून बघते, की तिथे ते कसं वाटेल. मग सांगावंसं वाटेनासं होतं. तू मुद्दाम काही करणार नाहीस हे मला माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर मी सावध राहिले असते.

सणाला आम्ही घणसोलीला येऊ. राहायला येणार नाही. तू इकडे ये, दसऱ्याला ये, जेवायला ये. मी तुला चांगलं वाढेन. पूर्वीसारखं बोलेन असं मात्र आत्ता लिहीत नाही, कारण तुला खोटं आवडत नाही.

तब्येत सांभाळ, आईंना जप.

रंजिता


घणसोली गाव,
२१ सप्टेंबर

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. खरं लिहिलंस, त्याबद्दल मी कोणत्या तोंडाने तक्रार करू. दसऱ्याला मी येईन. तू जे बोलशील ते ऐकेन, आणि जे बोलणार नाहीस ते विचारणार नाही.

आई बरी आहे. तुमची खोली तिने मला दिली. मी काही दिवस पडद्याच्या अलीकडेच झोपले, मग ती ओरडली म्हणून गेले. तिथून काकीच्या घरातलं खरंच सगळं ऐकू येतं. हे मला इतकी वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं.

काल काकीने मला नळावर गाठलं. विचारायला लागली की दिपेस नि त्याची बायको उलव्याला का गेली, सरस्वतीनं घालवली का, भाडं कोन देतंय, जासईवाले तिथं येऊन ऱ्हातात म्हनं, खरं का. म्हणाली की तुला ठाऊक नाय असं व्हायचं नाय, तू तर सगलं खरं सांगतेस.

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हणाले की काकी, मला काही माहीत नाही. हंडा भरला, उचलला आणि घरी आले.

मला वाटलं होतं की माझे पाय कापतील, चेहऱ्यावर दिसेल, जीभ अडखळेल. काहीच झालं नाही. काकीने माझ्याकडे जरा बघितलं आणि पाठीमागच्या बाईशी गॅसच्या गाडीबद्दल बोलायला लागली. घरात आल्यावर मी हंडा खाली ठेवला आणि तिथेच बसले. आई म्हणाली की काय झालं, भूत बघितलंस का. मी म्हटलं, काही नाही. हेही सोपं गेलं.

मी समजत होते की मला हे जमणारच नाही, म्हणून त्या दिवशी जमलं नाही. तसं नव्हतं, वहिनी. इतकंच करायचं होतं, आणि त्यात कठीण काही नव्हतं.

दादाला सांग की मी त्याची आठवण काढते. जेवढा लोभ उरला असेल, तेवढा राहू दे.

तुझी,
सुचिता